ढाक्याची बातमी भंडाऱ्यात पोहोचते कशी?

जिल्ह्याच्या पेपरचा वार्ताहर काही ढाक्यात नसतो. जुलै 2024 मध्ये बांगलादेशात विद्यार्थ्यांचं आरक्षणविरोधी आंदोलन पेटलं, 18 जुलैला इंटरनेट बंद झालं. मग मृतांचा आकडा आणायचा कुठून? एएफपीने तो पोलीस आणि रुग्णालयांकडून गोळा केला. मंत्र्याच्या निवेदनापेक्षा रुग्णालयाची नोंद बरी, कारण मृतदेह तिथेच येतात. पुढे संयुक्त राष्ट्रांनी 1400 पर्यंत मृत्यूंचा अंदाज दिला.

व्हिडिओचं मात्र अवघड. 5 ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या. त्यानंतर क्रिकेटपटू लिटन दासचं घर जाळलं म्हणून जळत्या घराची दृश्यं फिरली. घर होतं अवामी लीगचे खासदार मशरफी मुर्तझांचं! हिंदूंवर हल्ले झाले, हेही खरंच. म्हणून तर पत्रकार आधी विचारतो: घर कुणाचं, गाव कुठलं, पहिल्यांदा टाकलं कुणी? आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे विचारतं कोण?