नार्व्याच्या वाटेने जुन्या गोव्यात

बडोदे, इंदूर किंवा बेळगावाहून आप्तमंडळी गोव्यात आली की पणजीहून मोटारीने जुन्या गोव्यास जातात, संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटिकेपुढे क्षणभर उभी राहतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परततात. आम्हां डिचोलीकरांचे मत असे की, ज्या नगरात प्रवेश नदीवरून होत असे, ते नदीमार्गानेच पाहावे.

डिचोली तालुक्यातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय आहे. कदंब राजांचे हे दैवत मूळचे पलीकडील दिवाडी बेटावरचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तेथील देऊळ पाडले, तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार आणले. पुढे शके १५९० मध्ये, म्हणजे इ. स. १६६८ साली, शिवछत्रपतींनी या देवालयाचा जीर्णोद्धार आरंभिला. दर्शन घेऊन धक्क्यावर यावे आणि फेरीबोटीने दिवाडीस उतरावे. देव ज्या पाण्यावरून अलीकडे आले, तेच हे पाणी.

बेटावरील शेते ओलांडली की दुसरी फेरीबोट मांडवीपार नेते, आणि समोर व्हाइसरॉयची कमान उभी राहते. वास्को द गामाच्या स्मरणार्थ ती त्याच्या पणतूने, व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द गामाने, उभारविली. नवा व्हाइसरॉय येई तो हिच्याखालून. आजची कमान मात्र १९५४ साली पुन्हा रचलेली आहे.

पुढे से कॅथेड्रल. त्याचा एक मनोरा १७७६ साली कोसळला. उरलेल्या एकावर सारी इमारत एका खांद्याने कललेल्या माणसासारखी दिसते. बॉम जेझूमध्ये गर्दी असते. तेथे फार रेंगाळू नये. वेळ राखून ठेवावा तो टेकडीवरील संत ऑगस्टीनच्या भग्न मठासाठी. १८३५ साली धर्मसंघ बरखास्त झाले, मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत ढासळले आणि १९३१ साली दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा हिस्साही गेला. उरला तो जांभ्या दगडाचा उंच, उभा चिरलेला सुळका. त्याची घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. याच अवशेषांत जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी सापडल्या. १६२४ साली इराणात तिचा छळ करून वध झाला होता. भारत सरकारने २०२१ मध्ये त्या अस्थींचा एक भाग तिच्या देशास अर्पण केला.

नगर तलवारीने नव्हे, साथीच्या रोगांनी मेले. माणसे पणजीकडे सरकली, पाठोपाठ येथील दगडही तिकडच्या बांधकामांस गेले, आणि १८४३ साली राजधानीचा मानही गेला.

परतताना संत पॉल महाविद्यालयाची उरलेली कमान चुकवू नये. भारतातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ साली येथे आले. पुढे साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ सासष्टीतील रायतूर येथे छापले गेले. भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. ज्या सत्तेने देवळे पाडली, तिच्याच छायेत मराठी ओवी छापली गेली! सहलीस आणलेली मुले या कमानीपाशी कंटाळतात, तरी आम्ही त्यांना येथे थांबवतोच.