शनिवारची रात्र, साडेनऊची वेळ

राजेरजवाडे गेले आणि शास्त्रीय संगीताचा मोठा आश्रयदाता हरपला. ती जागा आकाशवाणीने घेतली, असे म्हणतात. पण कलावंतांना बिदागी मिळाली एवढ्यापुरतेच ते श्रेय नाही. आकाशवाणीने श्रोता घडवला आणि त्याला कारण झाले तिचे वेळापत्रक. 1952 साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री साडेनऊला एकच कलावंत दीड तास गाई किंवा वाजवी. तोवर घरात गाणे यायचे ते मुख्यतः 78 फेऱ्यांच्या तबकडीवरून, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. तेवढ्यात बंदिश उरकावी लागे. विलंबित ख्यालाची बढत कशी होते, हे ज्याला मैफलीत शिरकाव नव्हता त्याला रेडिओनेच ऐकवले. शिवाय निवेदक राग, ताल आणि साथीदारांची नावे सांगे. आठवड्यामागून आठवडे असे ऐकताना यमन आणि भूप वेगळे ओळखू येत. शिकवणी न लावता झालेले हे शिक्षणच होते.

यावर आक्षेप असा, की ही अभिरुची वरून लादलेली होती. तो निराधार नाही. 1952 ते 1962 या काळात नभोवाणी मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर स्वतः गाणे शिकलेले. त्यांनी चित्रपटगीतांना कात्री लावली आणि श्रोते सरळ ती गीते वाजवणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळले. 1940 पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला असलेली बंदीही त्यांनी उठवली नाही. अखेर श्रोते परत मिळवायला 1957 मध्ये आकाशवाणीला चित्रपटगीते ऐकवणारी विविध भारती ही सेवा सुरू करावी लागली. पण यात हरली ती मनाई. राष्ट्रीय कार्यक्रम पुढे चालूच राहिला. उलट विविध भारतीच्याच ‘संगीत सरिता’ने चित्रपटगीताच्या आधाराने राग समजावून दिले. गोडी लावायला दुसऱ्याचे गाणे बंद करावे लागत नाही, हेच त्यातून दिसते.

दुसरा आक्षेप आजचा: मोबाइलवर हवे ते हवे तेव्हा मिळत असताना ठरलेली वेळ कशाला? पण शोधायला आधी नाव माहीत असावे लागते, आणि यंत्र सुचवते तेही बहुधा आपल्या जुन्या आवडीच्या आसपासचेच. रुद्रवीणा कधी कानावरच पडली नसेल, तर ती कोण मागणार? म्हणून जाणत्या माणसाने निवडलेली, नावानिशी सादर केलेली सायंसभा आजही हवी. ती ऐकण्याची सक्ती मात्र नको.