बी.डी.डी. चाळी : गिरणगावची वास्तू आणि वस्ती

बारामती-इंदापूरच्या जिरायती गावांतून पोटासाठी मुंबईस गेलेली माणसे आपल्या बहुतेक वस्त्यांत आढळतात. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले ते ज्यांना जमीन होती त्यांच्या शिवारात. भूमिहीनाला गिरणीचा भोंगाच जवळचा वाटला. 'मुंबईस गेला' म्हणजे तो नेमका कसल्या घरात राहिला, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे म्हणून हा लेखप्रपंच.

१८९६ च्या प्लेगनंतर सरकारने १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. परळच्या ज्या चाळीत पूज्य बाबासाहेब अनेक वर्षे राहिले ती याच ट्रस्टची. पुढे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. त्याच्या आद्याक्षरांवरून बी.डी.डी. हे नाव पडले. या खात्याने वरळीत १२१, नायगावात ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२ अशा २०७ चाळी उभ्या केल्या. बांधकाम सिमेंट काँक्रीटचे, तळमजला व वर तीन मजले. मधून लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. एका चाळीत ८०. खोली साधारण १६० चौरस फुटांची आणि शौचालये सामाईक. उजेड-वारा बेताचा व भाडे जास्त, म्हणून प्रथम कामगार तेथे जाईनात. १९३० च्या कायदेभंगात तर वरळीच्या काही चाळींचा तुरुंग केला होता! घर आणि तुरुंग एकाच नकाशात बसले, यावरून बांधणाराने कामगाराला काय लेखले ते समजते.

गिरणीतही भेद होताच. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव असे. पगार तेथे जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. चाळीत मात्र खोली एवढीशी असल्याने संसार बोळात सांडे. अभ्यास, भांडण, आजारपण, जयंतीची वर्गणी, सारे तेथेच. चळवळ तेथे वाढली, आणि जानेवारी १९७४ ची वरळीची दंगलही तेथेच पेटली.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगाव मोडले. १९९१ च्या नियमाने गिरण्यांची जमीन विकसित करताना एक भाग मोकळ्या जागेस, एक भाग म्हाडाच्या घरांस व उरलेला मालकास मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती ग्राह्य धरली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे. चिमणी तेवढी शोभेला ठेवली आहे. जिने राबून धूर काढला त्याच्या मुलाला शेजारी खोली परवडत नाही. तो विरार-कल्याणकडे गेला.

बी.डी.डी.च्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. रहिवाशास ५०० चौरस फुटांचे घर मोफत, स्वतंत्र शौचालयासह. शंभर वर्षे रांगेत उभे राहिलेल्यांना ते मिळालेच पाहिजे. लांबून येऊन जुन्या चाळीचे कौतुक करणे सोपे असते. पण चाळिसाव्या मजल्यावर दार लावले की बोळ नाही. सामाईक जागा, वाचनालय, विहार यांसाठी रहिवाशांनी आताच आग्रह धरावा.

ज्यांच्या घरी आजोबा-आजी गिरणगावात राहिले असतील त्या विद्यार्थ्यांनी चाळ क्रमांक, खोली क्रमांक आणि गिरणीतील खाते विचारून वहीत लिहून ठेवावे. त्या चाळी आता पाडल्या जात आहेत.