चित्रांचे मोल आणि लूसीचे तारण

१८१९ साली अमेरिकेत कर्जापायी तुरुंगात गेलेला एक दुकानदार पुढे पक्ष्यांचा चित्रकार म्हणून जगभर गाजला. त्याचे नाव जॉन जेम्स ऑड्युबॉन. तो रानोमाळ हिंडे. पत्नी लूसी मुलांना शिकवून संसार चालवी. ‘बर्ड्‌स ऑफ अमेरिका’ची ४३५ चित्रे १८३८ साली छापून पुरी झाली. १८५१ साली तो वारला. वृद्ध लूसीने १८६३ साली मूळ जलरंगचित्रे विकली. छपाईचे बरेच तांब्याचे पत्रे मोडीत गेले. २०१० साली लंडनच्या लिलावात या ग्रंथाच्या एकाच संचाला ७३ लाख पौंड मिळाले! बँकेत आम्ही कर्जाला तारण मागत असू. या चित्रांना तारण होते लूसीच्या कष्टांचे. तिच्या पदरात मात्र त्या भावातले काहीच पडले नाही.