चाक बसले म्हणजे जुळले असे नव्हे

मोटारींच्या चाकांची मापे व अदलाबदल यासंबंधी वाहनधारकांस उपयुक्त माहिती

बेळगाव शहराच्या दक्षिणेस असलेले अनगोळ आणि त्यास लागून वसलेली उद्यमबाग औद्योगिक वसाहत यांचे नाव ओतकाम व यंत्रकामासाठी सर्वदूर परिचित आहे. येथील कारखान्यांतून मोटारींचे सुटे भागही तयार होतात व प्रत्येक भाग मोजून, तपासूनच बाहेर पडतो. तथापि, याच परिसरातील वाहनधारक जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून चाक विकत घेताना मात्र पुष्कळदा केवळ नजरेच्या अंदाजावर विसंबतो. निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या राष्ट्रीय महामार्गावर भरधाव जाणाऱ्या वाहनाचे चाक निखळले तर त्या वाहनातील माणसांबरोबरच रस्त्यावरील इतरांच्याही जिवावर बेतते. यास्तव चाक बदलण्यापूर्वी कोणती मापे घ्यावीत हे प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

छिद्रवर्तुळ म्हणजे काय?

चाकाच्या रिमला मध्यभागी नट-बोल्टांसाठी चार, पाच किंवा सहा छिद्रे असतात. या सर्व छिद्रांच्या मध्यबिंदूंतून जाणारे एक वर्तुळ कल्पिले तर त्याच्या व्यासास कारागीर मंडळी ‘पीसीडी’ म्हणतात. छिद्रांची संख्या व हा व्यास या दोन्ही गोष्टी तंतोतंत जुळल्या तरच पुढचा विचार करावयाचा.

कंपनी एक असली म्हणजे माप एक असते, हा समज चुकीचा आहे. मारुती ८०० या मोटारीच्या चाकास चार छिद्रे असून व्यास ११४.३ मिलिमीटर आहे. त्याच कंपनीच्या २००५ साली आलेल्या स्विफ्टलाही छिद्रे चारच, परंतु व्यास १०० मिलिमीटर. महिंद्रची जुनी जीप व मारुतीची जिप्सी या भिन्न कंपन्यांच्या गाड्या. परंतु दोहोंस पाच छिद्रे व १३९.७ मिलिमीटर व्यास. हे अपूर्णांक विचित्र वाटले तरी त्यांचे मूळ इंचांत आहे. ११४.३ म्हणजे साडेचार इंच व १३९.७ म्हणजे साडेपाच इंच होत.

माप कसे घ्यावे?

चार किंवा सहा छिद्रे असल्यास समोरासमोरच्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधील अंतर हाच व्यास. छिद्राचा मध्य नेमका सापडणे कठीण असते. त्यासाठी एका छिद्राच्या बाहेरील कडेपासून समोरच्या छिद्राच्या आतील कडेपर्यंत मोजावे. छिद्रे समान आकाराची असल्यास मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर तेवढेच येते.

पाच छिद्रांच्या चाकात समोरासमोर छिद्रे नसतात. अशा वेळी शेजारच्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंतील अंतर मोजून त्यास १.७०१ ने गुणावे. हे अंतर सुमारे ८२ मिलिमीटर भरले तर व्यास १३९.७ समजावा, सुमारे ६७ भरले तर ११४.३. शिक्षक बंधु-भगिनींना हा भूमितीचा पाठ वर्गात सहज घेता येईल. ७ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुसम पंचकोन काढल्यास त्याची बाजू सुमारे ८.२ सेंटिमीटर भरते. १४ सेंटिमीटर व्यासास १.७०१ ने भागून विद्यार्थ्यांना त्याचा पडताळा घेता येईल.

‘जवळजवळ बसणारे’ चाक

जे चाक मुळीच बसत नाही ते फारसे धोक्याचे नसते, कारण ते कोणी लावीतच नाही. खरा धोका जवळजवळ बसणाऱ्या चाकाचा. फियाट पालिओचे छिद्रवर्तुळ ९८ मिलिमीटरचे, तर अनेक छोट्या मोटारींचे १०० मिलिमीटरचे आहे. फरक अवघा दोन मिलिमीटरचा. म्हणजे प्रत्येक छिद्र एक मिलिमीटर सरकलेले. पान्याने जोर दिला की चाक बसल्यासारखे वाटते. परंतु बोल्ट तिरका ओढला जातो, त्याचा निमुळता भाग एकाच बाजूने टेकतो आणि वाहनाच्या कंपनांनी तो सैल पडू लागतो.

छिद्रवर्तुळ जुळले तरी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. मधले मोठे छिद्र हबवर नेमके बसावे. ह्युंदाई सँट्रोचा हब ५४.१ व होंडा सिटीचा ५६.१ मिलिमीटर आहे. सँट्रोचे चाक सिटीच्या हबवर चढणारच नाही. उलट केल्यास ते सैल राहील.

२. नटाचे आटे व बैठक जुळावी. मारुतीच्या अनेक मोटारींचे आटे १.२५ मिलिमीटर अंतराचे, तर होंडाचे १.५ मिलिमीटरचे असतात. काही नटांची बैठक शंकूसारखी, तर काहींची गोलाकार असते. एका प्रकारचा नट दुसऱ्या प्रकारच्या बैठकीवर पक्का बसत नाही.

३. चाक फार आत गेल्यास ते ब्रेकला किंवा शॉकअबसॉर्बरला घासते. फार बाहेर आल्यास बेअरिंगवर अकारण ताण येतो.

४. टायरचा आकार व भार पेलण्याची क्षमता वाहनास साजेशी असावी. शेतमाल वाहणाऱ्या वाहनांबाबत याकडे विशेष लक्ष द्यावे.

चाक लावताना हबवरील गंज व चिखल पुसून काढावा. नट प्रथम हातानेच फिरवावेत, नंतर समोरासमोरच्या क्रमाने व वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळावेत. पन्नास ते शंभर किलोमीटर प्रवासानंतर ते पुन्हा तपासावेत.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यास मनाई आहे, याचीही वाहनधारकांनी नोंद घ्यावी.

एक पोलादी पट्टी, कागद, पेन्सिल आणि दहा मिनिटांचा अवधी एवढीच सामग्री या तपासणीस पुरेशी आहे. जुने चाक स्वस्तात घेण्यात गैर काही नाही. मात्र पैसे मोजण्यापूर्वी चाक मोजावे.