साडेचार महिन्यांचं मंत्रिमंडळ

महाराष्ट्राच्या १९७८ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ पैकी जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. फुटून वेगळ्या झालेल्या आणि प्रचारात एकमेकींचे वाभाडे काढलेल्या दोन्ही काँग्रेस जनता पक्षाला रोखायला एकत्र आल्या. बेरीज १३१, बहुमताला हवे १४५. उरलेली भर अपक्षांची.

७ मार्चला रेड्डी काँग्रेसचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. इंदिरा काँग्रेसच्या वाट्याला उपमुख्यमंत्रिपद आलं. राज्यात हे पद पहिल्यांदाच निर्माण झालं, आणि त्यावर बसले नाशिकराव तिरपुडे. नावात नाशिक असलं तरी माणूस भंडाऱ्याचा, विदर्भवादी. रेड्डी काँग्रेसचे नेते यशवंतराव चव्हाण यांच्यावर ते जाहीर टीका करत, आणि ती टीका चव्हाणांना मानणाऱ्या सहकारी मंत्र्यांनी मुकाट ऐकायची! सरकारची खरी दुखरी नस हीच असावी.

जुलैत अधिवेशन चालू असतानाच उद्योगमंत्री शरद पवार, सुंदरराव सोळंके, सुशीलकुमार शिंदे यांनी राजीनामे दिले. सरकार पडलं. पवारांनी वसंतदादांच्या पाठीत खंजीर खुपसला, असं म्हटलं गेलं; ‘पाठीत खंजीर’ हा शब्दप्रयोग मराठी राजकारणात तेव्हापासून मुक्कामालाच आहे.

१८ जुलैला ३७ वर्षांचे पवार जनता पक्षाला सोबत घेऊन ‘पुलोद’चे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. त्यात जनसंघाचे उत्तमराव पाटील आणि नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचे समाजवादी निहाल अहमद एकाच मंत्रिमंडळात बसले. हेही सरकार इंदिरा गांधींनी दिल्लीत सत्तेवर परतताच १७ फेब्रुवारी १९८० ला बरखास्त केलं.