स्तरमिश्रण
(अंकीय चित्रणातील). संगणकावर काढलेल्या चित्राचे एकावर एक ठेवलेले स्तर ठराविक गणिती नियमांनी एकत्र करून अंतिम रंग मिळविण्याची प्रक्रिया. रेखाटन, मूळ रंग, छाया आणि पोत हे घटक स्वतंत्र स्तरांवर राहत असल्याने एकात केलेला बदल दुसऱ्यास बाधत नाही, हा या पद्धतीचा मुख्य लाभ होय.

इतिहास : पारदर्शक शाईचे थर एकमेकांवर छापून छटा साधण्याची कल्पना संगणकापूर्वीची आहे. राजा रविवर्मा यांच्या मुंबईत १८९४ साली सुरू झालेल्या शिळामुद्रणालयातील रंगीत चित्रे अशीच, दर रंगासाठी वेगळी शिळा वापरून, छापली जात. संगणकावर चित्रबिंदूच्या रंगाबरोबर त्याची अपारदर्शकताही साठविण्याची कल्पना एड कॅटमल व ॲल्व्ही रे स्मिथ यांनी १९७०–८० या दशकाच्या उत्तरार्धात मांडली. टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी १९८४ मध्ये प्रतिमा एकत्र करण्याचे नियम सूत्रबद्ध केले. ‘फोटोशॉप’ या आज्ञावलीत १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून स्तरांची सोय झाली.

गणिती तत्त्व : सामान्यतः प्रत्येक चित्रबिंदूच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या घटकांस ० ते २५५ पर्यंतचे मूल्य असते. ‘मल्टिप्लाय’ (गुणाकार) या प्रकारात खालच्या व वरच्या मूल्यांच्या गुणाकारास २५५ ने भागतात. उदा., २०० व १२८ यांपासून सुमारे १०० हे मूल्य मिळते. परिणामी रंग कधीच उजळत नाही व वरच्या स्तरातील पांढरा भाग दिसत नाही. दोन पारदर्शिका एकमेकींवर धरल्यासारखा हा परिणाम असतो. ‘स्क्रीन’ प्रकार याच्या उलट असून दोन प्रक्षेपकांचा प्रकाश एकाच पडद्यावर पडावा तसा तो चित्र उजळतो. ‘ओव्हरले’ प्रकारात खालचा रंग गडद असल्यास गुणाकाराचा व फिका असल्यास स्क्रीनचा नियम लागू होतो.

पोतयुक्त छायांकन : प्रथम सपाट रंग भरून त्यावर गुणाकार-स्तरात छाया घालतात. छाया करड्या रंगाची असल्यास तिन्ही घटक सारख्याच प्रमाणात घटतात. रंग केवळ काळवंडतो व छाया निर्जीव वाटते. तिला किंचित निळसर वा जांभळट झाक दिल्यास आकाशाच्या प्रकाशाचा आभास होतो. त्यानंतर खरखरीत कागद, कापड किंवा भिंत यांची प्रतिमा ओव्हरले-स्तरात ठेवतात. या प्रकारात मध्यम करडा रंग तटस्थ असतो. म्हणून पोताच्या प्रतिमेचे सरासरी मूल्य मध्यम करड्याजवळ आणावे लागते, अन्यथा सर्व चित्र उजळते वा काळवंडते. खालचा रंग पूर्ण पांढरा किंवा पूर्ण काळा असेल तेथे पोत उमटत नाही. तो मध्यम छटांतच ठळक दिसतो. प्रत्यक्ष वस्तूचा खडबडीतपणाही प्रकाश व छाया यांच्या सीमेवर सर्वाधिक जाणवतो, त्यामुळे हा परिणाम नैसर्गिक वाटतो.

मर्यादा : हे नियम अंकांचे आहेत, रंगद्रव्यांचे नव्हेत. शुद्ध पिवळा व शुद्ध निळा यांचा गुणाकार काळा येतो; जलरंगात मात्र त्यांच्या मिश्रणातून हिरवट छटा मिळते. तसेच सपाट पोताची प्रतिमा वस्तूच्या वळणाची दखल घेत नाही. गोल मडक्यावर ती तशीच पसरल्यास मडक्याची गोलाई नष्ट होऊन ते कागदाच्या कात्रणासारखे दिसते. अशा वेळी पोत वळणानुसार वाकवावा लागतो आणि स्तराच्या आच्छादकाने तो काही ठिकाणी पुसटही करावा लागतो. प्रकाश कोठून येतो आणि वस्तूचा आकार कसा वळतो, हे चित्रकाराने आधी ठरविलेले नसेल, तर कोणत्याही मिश्रणप्रकाराने ती उणीव भरून निघत नाही.